पहिली दुर्बीण घेण्याआधी: खानापूर तालुक्यातील एका वडिलांच्या प्रश्नाला उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा नीट वाचला. तुमची मुलगी आठवीत आहे, गाव जांबोटीच्या अलीकडे आहे, चांद्रयान-३ चंद्रावर उतरताना तिने शाळेत पाहिले आणि शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर जाऊन आल्यापासून तिने दुर्बिणीचा ध्यास घेतला आहे. तुम्ही पंधरा हजार रुपये बाजूला काढले आहेत, आणि ‘५२५ पट’ असे लिहिलेली एक दुर्बीण त्याहून बऱ्याच कमी पैशांत घरपोच मिळते आहे. ती घ्यावी का, तिच्यातून चांद्रयान उतरलेली जागा व शनीची कडी दिसतील का, आणि आपल्याकडे पाच महिने पाऊस असताना हा खर्च वाया तर जाणार नाही ना, असे तुम्ही विचारले आहे. शेवटचा प्रश्न तुम्ही जरा संकोचाने, जाता जाता विचारला आहे. माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे.

मी बेळगावात राहतो, मूळचा तुमच्याच तालुक्यातला आहे, आणि गेली सत्तावीस वर्षे आकाश पाहतो व जमेल तसे गावोगावच्या शाळांतून दाखवतो. या काळात मी अनेक घरांच्या माळ्यांवर दुर्बिणी पाहिल्या आहेत. त्या सर्व कोणीतरी मुलासाठी हौसेने आणलेल्या होत्या, आणि बहुतेक पहिल्या पंधरवड्यातच वर गेल्या होत्या. म्हणून तुमच्यासमोरचा खरा प्रश्न कोणती दुर्बीण घ्यावी हा नसून, दोन वर्षांनंतरही तुमची मुलगी ती उचलून अंगणात नेत असेल का, हा आहे. त्याचे उत्तर काही अंशी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. घरासमोर मोकळे अंगण किंवा खळे आहे की गच्चीवर जिना चढून न्यावे लागेल, अंगणात रस्त्याच्या दिव्याचा उजेड येतो का, मुलीला चष्मा आहे का, आणि रात्री तिच्यासोबत कोण थांबणार आहे, हे मला माहीत नाही. तेव्हा मी माझ्या निर्णयामागची कारणे सांगतो. त्यांतली कोणती तुमच्या घराला लागू पडतात ते तुम्ही ठरवा.

आधी त्या ‘५२५’ विषयी. हा आकडा गणिताने बरोबर असतो, पण पाहण्याच्या कामी येत नाही. अशा दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा व्यास ७० मिलिमीटर आणि नाभीय अंतर (भिंगापासून प्रतिमा तयार होते तिथवरचे) ७०० मिलिमीटर असते. तिला ४ मिलिमीटरची नेत्रिका (डोळ्याशी असणारे भिंग) लावली की ७०० भागिले ४ म्हणजे १७५ पट, आणि मध्ये तिप्पट करणारे बार्लो भिंग घातले की ५२५ पट होते. प्रकाश मात्र त्या ७० मिलिमीटरच्या भिंगातून येतो तेवढाच राहतो. वाटीभर ताकात घागरभर पाणी ओतले म्हणून ताक वाढत नाही, तसेच हे आहे. प्रतिमा मोठी होते, पण फिकट आणि धूसर होत जाते. व्यासाच्या मिलिमीटरांची दुप्पट ही उपयोगी वर्धनाची, म्हणजे किती पट मोठे पाहावे याची, वरची मर्यादा धरतात, म्हणजे ७० मिलिमीटरसाठी १४० पट, आणि आपल्या हवेत बहुतेक रात्री मी त्याच दुर्बिणीने १०० च्या पुढे जात नाही. तेवढी गरजही पडत नाही. गुरू ४० पट मोठा करून पाहिला, तर तो नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो साधारण तेवढा दिसतो. शनीची कडी चांगल्या भिंगातून २५-३० पटींतही ओळखू येते.

खोक्यावर ज्याचा उल्लेखही नसतो, ती गोष्ट म्हणजे बैठक, म्हणजे दुर्बीण ज्यावर बसवतात तो आधार. माझी पहिली दुर्बीण ६० मिलिमीटरची होती आणि तिची तिवई ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्यांची होती. पृथ्वी फिरत असल्यामुळे ७० पट वर्धनाला कोणताही ग्रह नेत्रिकेच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला पावणेतीन मिनिटांत जातो, म्हणून दुर्बीण सतत हलकेच सरकवावी लागते. मी हात लावला की शनी थरथरू लागे, थरथर थांबेपर्यंत तो कडेला पोहोचलेला असे, आणि स्क्रू आवळला की दिसेनासाच होई. एक हिवाळाभर मी स्वतःलाच दोष देत राहिलो. पुढच्या वर्षी गावच्या सुताराकडून फणसाच्या जाड फळ्यांची तीन पायांची घोडी करून घेतली आणि उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमधून दुर्बिणीच्या नळीला बसेल असे कडे वळवून आणले. नळी तीच, भिंगे तीच. आईला बोलावून शनी दाखवला, तेव्हा ती खूप वेळ डोळा न काढता पाहत राहिली आणि एवढेच म्हणाली, “आता हलंना की हे.” तेव्हापासून कोणी दुर्बिणीविषयी विचारले, की मी आधी बैठकीविषयी विचारतो. दुकानात दुर्बीण पाहायला मिळाली, तर नळीवर बोटाने हलकी टिचकी मारा आणि आतले चित्र किती वेळ हलते ते मोजा. दोन-तीन सेकंदांत ते स्थिर झाले नाही, तर भिंग कितीही चांगले असले तरी ती घेऊ नका.

आता चंद्राविषयी, कारण मुलीची मुख्य ओढ ती आहे. विक्रम लँडर साधारण दोन मीटर रुंद आहे आणि चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे. बेळगावात ठेवलेला मोहरीचा एक दाणा मुंबईहून पाहण्यासारखे हे आहे. दीडशे मिलिमीटरच्या चांगल्या दुर्बिणीतूनही चंद्रावरची दीड किलोमीटरपेक्षा लहान वस्तू वेगळी दिसत नाही. लँडरची जी छायाचित्रे आली ती चंद्राभोवती फिरणाऱ्या यानांनी काढलेली आहेत; पृथ्वीवरच्या कोणत्याही दुर्बिणीतून तो दिसत नाही. हे मुलीला आधीच स्पष्ट सांगा, म्हणजे पहिल्याच रात्री तिचा हिरमोड होणार नाही.

पण तो परिसर दिसतो, आणि तो शोधून काढण्यात मोठा आनंद आहे. लँडर चंद्राच्या सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर, मँझिनस आणि सिम्पेलियस या विवरांच्या भागात उतरला. यांपैकी मँझिनस सुमारे ९८ किलोमीटर रुंद आहे आणि लहान दुर्बिणीतूनही ओळखता येते. ही विवरे चंद्रबिंबाच्या कडेजवळ असल्यामुळे गोल न दिसता चेपल्यासारखी लांबट दिसतात. ती पाहण्याची उत्तम वेळ म्हणजे शुद्ध षष्ठी-सप्तमीची संध्याकाळ, कारण त्या सुमारास तिथे नुकताच सूर्य उगवून सावल्या लांब पडलेल्या असतात. आता भिंतीवरचे जुने कॅलेंडर असेल तर मुलीला २३ ऑगस्ट २०२३ हा दिवस काढायला सांगा. त्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम उतरला, तेव्हा निज श्रावण शुद्ध सप्तमी होती. हा योगायोग नव्हता. यान सौर ऊर्जेवर चालणारे होते आणि चंद्रावरचा दिवस आपल्या सुमारे चौदा दिवसांचा असतो; तो पूर्ण दिवस कामाला मिळावा म्हणून उतरण्याच्या जागी सकाळ झालेली असताना उतरणे भाग होते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे रात्र पडण्याच्या बेतात असताना प्रज्ञान ही बग्गी आणि विक्रम दोघांनाही झोपवण्यात आले. ज्या तिथी आपण उपासतापासासाठी पाहतो, त्याच चंद्रावरची सकाळ-संध्याकाळही सांगतात, हे एकदा कळले की मूल कॅलेंडरकडे निराळ्या नजरेने पाहू लागते.

याच कारणासाठी पौर्णिमेला दुर्बीण चंद्राकडे लावू नका. तेव्हा सूर्याचा प्रकाश चंद्रावर समोरून पडतो, सावल्या नसतात आणि सगळे सपाट, डोळे दिपवणारे दिसते. शुद्ध चतुर्थीपासून दशमीपर्यंतचा काळ उत्तम असतो. संकष्टीला तर घरातील सर्व जण चंद्रोदयाची वाट पाहत असतातच; त्या रात्री चंद्राच्या एका कडेला सावल्या पुन्हा पडू लागलेल्या असतात, तेव्हा नैवेद्याच्या आधी पाच मिनिटे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही विवरे दाखवता येतात.

बातम्यांतल्या इतर गोष्टींविषयीही हाच विचार करा: बातमीतले यान सहसा दिसत नाही, पण तिच्यामुळे काय पाहण्याजोगे आहे ते शोधता येते. शुभांशू शुक्ला २६ जून २०२५ रोजी अंतराळ स्थानकावर पोहोचले आणि अठरा दिवस तिथे राहिले. आपल्याकडे तेव्हा मृग संपून आर्द्रा लागलेला होता आणि खानापूर बाजूला ढग हलायला तयार नव्हते, त्यामुळे त्या दिवसांत मला ते स्थानक एकदाही दिसले नाही, याची रुखरुख अजून आहे. पण स्थानक आजही तिथेच आहे. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीला फेरी मारते, आणि त्याची कक्षा ५१.६ अंश कललेली असल्यामुळे आपल्या डोक्यावरूनही जाते. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर किंवा पहाटे, कोणत्याही ताऱ्यापेक्षा तेजस्वी आणि न लुकलुकणारा एक ठिपका चार-सहा मिनिटांत आकाश ओलांडतो, आणि कधी कधी अर्ध्यावरच पृथ्वीच्या सावलीत शिरून विझत गेलेला दिसतो. त्याच्या वेळा मोबाइलवरील ॲपमध्ये आपल्या गावासाठी मिळतात. हे पाहायला दुर्बीण लागत नाही. दुर्बीण त्याच्या वेगाने फिरवताही येत नाही.

शनीविषयी एक सावधगिरीची सूचना आहे. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये पृथ्वीच्या बाजूने अगदी कडेवर आली होती, आणि त्यानंतर ती हळूहळू पुन्हा उघडत आहे. येती एक-दोन वर्षे ती पुस्तकातल्या चित्रासारखी रुंद न दिसता अरुंद पट्टीसारखी दिसेल. दुर्बीण वाईट निघाली असे त्यावरून समजू नका. मुलीला दर वर्षी एकदा शनीचे चित्र काढून ठेवायला सांगा. २०३२ च्या सुमारास कडी पुरेपूर उघडलेली असेल आणि तिच्या वहीत तो सारा बदल तिच्याच हातचा असेल.

आता मी जे करतो ते सांगतो. पहिल्या हिवाळ्यात मी दुर्बीण घ्यायला सांगत नाही. मी द्विनेत्री, म्हणजे आपण जिला बायनॉक्युलर म्हणतो ती, १० × ५० या मापाची घ्यायला सांगतो. यातला १० म्हणजे वर्धन आणि ५० म्हणजे पुढच्या प्रत्येक भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. तिच्यातून एका वेळी सुमारे सहा अंश आकाश दिसते, म्हणजे ओळीने बारा चंद्र मावतील एवढे. नवशिक्याला या रुंदीची सर्वाधिक गरज असते, कारण नेमके कुठे पाहावे हे त्याला अजून ठाऊक नसते आणि अरुंद दुर्बिणीत काहीच सापडत नाही, म्हणून तो कंटाळतो. कृत्तिकांचा झुमका द्विनेत्रीत जसा दिसतो तसा मोठ्या दुर्बिणीत दिसत नाही, कारण तो तिच्यात मावतच नाही. पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका तुमच्या गावच्या अंधारात द्विनेत्रीतून लांबट धुक्याच्या पुंजक्यासारखी सहज दिसेल. हात स्थिर ठेवला तर गुरूचे चंद्रही दिसतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिन्शान-ॲटलास धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला आला होता, तेव्हा माझ्या मोठ्या दुर्बिणीत त्याचे डोके तेवढे मावत होते आणि शेपटीसह अख्खा धूमकेतू शेजाऱ्याच्या द्विनेत्रीत दिसत होता.

द्विनेत्री घेताना झूमची आणि लालभडक चकाकणाऱ्या भिंगांची टाळा. दुकानाबाहेर येऊन दूरच्या देवळाच्या कळसाकडे किंवा मोबाइलच्या मनोऱ्याकडे पाहा. दोन प्रतिमा दिसल्या किंवा क्षणभरात डोळ्यांवर ताण आला, तर दुसरा नग मागा. वापरताना उभे राहू नये. अंगणात बाजेवर उताणे पडून किंवा भिंतीला पाठ टेकून, कोपरे कशावर तरी टेकवून पाहिले की चित्र स्थिर होते. आणि समजा, आकाशाची हौस टिकलीच नाही, तरी तुमच्या बाजूच्या जंगलात धनेश आणि शेकरू आहेत. द्विनेत्री माळ्यावर जाणार नाही.

द्विनेत्रीनंतरही तुमच्या पंधरा हजारांतले बरेच पैसे शिल्लक राहतील. ते तसेच ठेवा. एक हिवाळा आणि एक उन्हाळा मुलीने तीस-चाळीस रात्री बाहेर काढल्या, तर त्यांत भर घालून १३० ते १५० मिलिमीटर व्यासाची आरशाची दुर्बीण घ्या, आणि ती डॉब्सन पद्धतीच्या लाकडी बैठकीवरची घ्या. जॉन डॉब्सन या अमेरिकेतल्या हौशी आकाशनिरीक्षकाने लोकप्रिय केलेली ही बैठक म्हणजे जमिनीवर फिरणारी लाकडी पेटी असते. तिला तिवई नसते, म्हणून थरथर जवळजवळ नसते, आणि सुताराकडून ती गावातही करून घेता येते. तिला एक कटकट आहे: आतल्या आरशांची जुळवणी अधूनमधून तपासावी लागते, आणि जांबोटी रस्त्याने गाडीतून नेली तर हमखास तपासावी लागते. ही जुळवणी तेरा-चौदा वर्षांची मुलगी अर्ध्या तासात शिकते. मात्र घर वरच्या मजल्यावर असेल आणि दर वेळी दुर्बीण जिन्याने न्यायची असेल, तर मी माझे मत बदलून ७०-८० मिलिमीटरची हलकी भिंगाची दुर्बीण, पण जड आणि भक्कम बैठकीवरची, घ्यायला सांगेन. मुलीला चष्मा असेल तर द्विनेत्री चष्म्यासह डोळ्याला लावून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

थोडक्यात, इथवरचे माझे म्हणणे असे आहे की ‘५२५ पट’वाली घेऊ नये, या वर्षी द्विनेत्री घ्यावी, उरलेले पैसे राखून ठेवावेत, आणि पुढच्या वर्षीचा निर्णय मुलीने वहीत नोंदलेल्या रात्री मोजून घ्यावा.

त्या वहीत आणखी काय लिहावे ते सांगण्याआधी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये जांबोटी बाजूच्याच एका गावात शाळेच्या पटांगणावर मी मुलांना मृग नक्षत्र दाखवत होतो: चार कोपऱ्यांना चार तारे हे मृगाचे पाय, मधले तीन तारे हा व्याधाने मारलेला बाण, आणि खाली दक्षिण-पूर्वेला झगमगणारा व्याध. मागे घोंगडी पांघरून उभे असलेले एक म्हातारे शेतकरी पुढे आले आणि म्हणाले, “गुरुजी, मृग जूनात निघतो. त्यावर आमची पेरणी असते. आता थंडीत मृग कुठला?” मुले गप्प झाली. प्रश्न अगदी योग्य होता, आणि माझ्या हातात असलेल्या कोणत्याही पुस्तकात तो या शब्दांत नव्हता. मी शाळेतला कंदील पटांगणाच्या मध्ये ठेवला आणि तो सूर्य मानायला सांगितले. सत्तावीस मुलांना त्याभोवती दूरवर मोठे रिंगण करून उभे केले. ती सत्तावीस नक्षत्रे झाली, आणि एकीला मृग केले. मग आजोबांना पृथ्वी होऊन कंदिलाभोवती चालायला सांगितले. ते एका जागी आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कंदील होता आणि कंदिलाच्या बरोबर मागे ती मुलगी उभी होती. “आता मृग दिसतो का?” “उजेडात कसा दिसंल?” “हा जून. सूर्य मृगात आहे, म्हणून मृग लागला म्हणतात, आणि म्हणूनच तो दिसत नाही.” ते अर्धे रिंगण चालून पलीकडे गेले. आता कंदील पाठीमागे होता आणि ती मुलगी थेट समोर. ते थांबले, वर आकाशात पाहिले, पुन्हा मुलीकडे पाहिले आणि म्हणाले, “म्हणून ह्या महिन्याला मार्गशीर्ष म्हणत्यात व्हय.” त्या पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षाजवळ असतो म्हणून महिन्याचे नाव मार्गशीर्ष, हे मी अजून सांगितलेही नव्हते.

हे एवढ्यासाठी सांगितले की तुमच्या घरात आकाशाचे ज्ञान आधीच आहे. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही पावसाची नक्षत्रे तुमच्या आई-वडिलांना तोंडपाठ असतील, आणि शेजारच्या कानडी घरांतही तीच नावे ‘मळे’ (कानडीत पाऊस) जोडून घेतली जातात. सूर्य एका नक्षत्रात साडेतेरा दिवस राहतो, कारण वर्षाचे दिवस सत्तावीस ठिकाणी वाटले आहेत. मुलीला आजी-आजोबांकडून ती यादी लिहून घ्यायला सांगा, आणि प्रत्येक नक्षत्र रात्री केव्हा दिसते ते द्विनेत्रीने तपासायला सांगा. एक वर्ष पुरेल एवढे काम आहे, आणि कोणत्याही खोक्यावर ते लिहिलेले नसते.

आपल्या भागाचा आणखी एक फायदा आहे. बेळगाव जवळपास १५.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून फक्त सोळा अंशांवर असतो. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे दहा अंश असते, म्हणजे दीड मूठ. तुमच्याकडे तो झाडांमागे लपत असेल. त्याच्या बदल्यात दक्षिणेचे जे वैभव आपल्याला मिळते, ते युरोपातल्या पुस्तकांत जवळजवळ नसते. फेब्रुवारीच्या संध्याकाळी अगस्ती हा तेजस्वी तारा क्षितिजाच्या वीस-एकवीस अंश वर येतो. एप्रिल-मे महिन्यांत रात्री दक्षिणेला त्रिशंकू हा तारकासमूह आणि त्याच्या डावीकडे मित्र हा तारा दिसतो, आणि द्विनेत्रीतून ओमेगा सेंटॉरी हा लाखो ताऱ्यांचा गोल गुच्छ धुरकट चेंडूसारखा दिसतो. राजहंसगड बेळगावच्या दक्षिणेला असल्यामुळे तिथे शहराचा उजेड पाठीमागे उत्तरेकडे राहतो आणि दक्षिण बरी मिळते, म्हणून मी या महिन्यांत तिथे जातो. तुम्हाला तेवढे लांब येण्याची गरज नाही; तुमच्या शिवारातून आमच्यापेक्षा दसपट तारे दिसतात. शहरातल्या वडगाव-शहापुरातून आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही, तुमच्या अंगणातून तो दिसतो.

आता पावसाचा प्रश्न. जून ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ सोडून द्या. दसऱ्यानंतर आकाश उघडते, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम असतो, मार्चपासून धूर आणि धुरळा वाढतो, मग वळीव सुरू होतात. म्हणजे वर्षात सहा-साडेसहा महिने मिळतात, आणि त्यांत चंद्र नसलेल्या रात्री धरल्या तरी शाळकरी मुलीला ते पुरेसे आहेत. पावसाचा खरा धोका पाहण्यात खंड पडतो हा नाही. तो भिंगांना येणाऱ्या बुरशीचा आहे. माझी एक चांगली द्विनेत्री मी चामड्याच्या पाकिटात घालून कपाटात ठेवली होती. दिवाळीला काढली तेव्हा आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरले होते. ती साफ करायला जिथे दिली तिथून ती अधिकच बिघडून परत आली. तुमच्याकडे बेळगावपेक्षाही दमट हवा असते. म्हणून मृगाआधी द्विनेत्री आणि नेत्रिका घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. कापडी किंवा चामडी पाकीट आत घालू नका, ते ओल धरते. महिन्यातून एकदा पुड्या तव्यावर मंद आचेवर तापवून कोरड्या करा. हिवाळ्यातही दवाने ओली झालेली भिंगे पुसू नका आणि लगेच झाकणही लावू नका. घरात आणून, तोंड खाली करून तासभर सुकू द्या.

एका बाबतीत मात्र परिस्थितीप्रमाणे असे काही नाही. द्विनेत्री किंवा दुर्बीण सूर्याकडे कधीही, क्षणभरसुद्धा लावायची नाही. स्वस्त दुर्बिणींबरोबर नेत्रिकेवर बसवायची काळी ‘सूर्यकाच’ येते. ती उष्णतेने तडकू शकते आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. तुमच्याकडे अशी काच आली तर मुलीच्या हाती लागण्याआधी फोडून टाका. सूर्याचे काही पाहायचेच असेल, तर शून्य सावलीचा दिवस पाहा. बेळगाव परिसरात मे महिन्याच्या ३-४ तारखेच्या सुमारास, दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या ठेवलेल्या तांब्याची सावली त्याच्या बुडाखाली नाहीशी होते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातही असेच होते, पण तेव्हा ढग असतात. बाराला सूर्य डोक्यावर न येता अर्धा तास उशीर का होतो, हे मुलीला स्वतः शोधू द्या. उत्तर नकाशात आहे, आपली घड्याळे ज्या ८२.५ पूर्व रेखांशावर चालतात तो आपल्यापासून किती पूर्वेला आहे ते मोजले की सापडते.

रात्री बाहेर पडताना जंगलाच्या कडेला जाऊ नका. तुमच्याकडे गवे आणि अस्वले आहेत, आणि अंधाराला सरावलेला डोळा आकाशाकडे लागला की जमिनीवरचे भान राहत नाही. घरासमोरचे खळे पुरेसे आहे. अंगणातला दिवा मालवा, विजेरीवर लाल कागद बांधा, आणि डोळ्यांना वीस-पंचवीस मिनिटे अंधाराची सवय होऊ द्या. मध्येच मोबाइल पाहिला की ती वीस मिनिटे पुन्हा सुरू करावी लागतात.

अधिक शिकायचे असेल तर पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांसाठी काम करते, आणि बेंगळुरूचे जवाहरलाल नेहरू तारांगण शाळेच्या सहलीत पाहण्यासारखे आहे. संगणक किंवा मोबाइल असेल तर स्टेलॅरियम ही प्रणाली घ्या आणि तिच्यात जागा म्हणून तुमचे गाव घाला.

शेवटी एक विनंती. काही विकत घेण्याआधी मुलीला एकदा माझ्या दुर्बिणीला डोळा लावून पाहू द्या. कार्तिक अमावास्येच्या आधीच्या शनिवारी, आकाश मोकळे असेल तर, आम्ही चार-पाच जण राजहंसगडाच्या पायथ्याशी असतो. संध्याकाळी साडेसहापर्यंत या, तिच्यासाठी स्वेटर आणि कानटोपी आणा, आणि आजोबा येऊ शकत असतील तर त्यांनाही सोबत आणा.